पान दोनशे बारा

दिदुबे स्टेशनखालच्या भुयारात
माझं दुकान: दोन हात रुंद, दीड माणूस उंच.
चाव्या करते मी. भिंतभर कोऱ्या चाव्या,
अजून कुठल्याच दाराच्या न झालेल्या.

त्बिलिसीत हिवाळ्यात लोक चाव्या कमी हरवतात,
खिशातून हातच काढत नाहीत ना.
म्हणून पुस्तक. शेजारच्या त्सिसानाकडून घेतलं,
ती मोजे विकते, मोज्यांखाली थोडी रद्दी.
दोन लारीला, मुखपृष्ठ नसलेलं.
आधीच्या मालकाने त्यावर कढई टेकवली असावी:
काळा गोल नऊ पानं उतरत जातो
नि दहाव्यावर नुसता पिवळा होतो.

हिशेबाच्या वहीत मी दोन्ही मांडते.
तीन डिसेंबर: चाव्या अकरा, पानं चार.
नऊ डिसेंबर, बर्फ: चावी एक, पानं तेवीस.
त्या एका चावीचे पैसेही उधार.

रोज चारला नुगझार यायचा.
पूर्वी ट्रॉलीबस चालवायचा; आता ट्रॉलीबसही नाहीत,
आणि डोळ्यांत दूध सांडल्यासारखं.
भट्टीतला गरम पाव मोडून
अर्धा माझ्या हीटरवर ठेवायचा,
"कुठवर आली?"

म्हणजे टपालवाली. पुस्तकातली, डोंगरातली,
आणि तिचा कुत्रा बोंबोरा, एका डोळ्याने आंधळा.
नुगझारला बाईचं फारसं पडलेलं नव्हतं.
"कुत्र्याने खाल्लं का काही?"
खाल्लं, मी सांगायचे. मक्याची भाकरी, वर चीज.
चीज पुस्तकात नव्हतं.
तिथूनच सुरुवात झाली असावी.

सतरा जानेवारी: चाव्या तीन, पानं एकोणीस.
पान दोनशे बारा. नदीवरचा बर्फ तडकतो.
टपालाची पिशवी वाचते.

मी मशीन सुरू केलं, उगाच,
कुणाचीच नसलेली एक चावी घासत बसले
चार वाजेपर्यंत. मांडीवर पितळेचा कीस.
तो आला. पाव मोडला.
"कुठवर?"
"नदी ओलांडली," मी म्हणाले. "दोघांनी."
त्याचा जीव भांड्यात पडला.
त्या दिवशी त्याने अर्ध्याहून मोठा तुकडा मला दिला
आणि मी तो खाल्ला.

पुढे महिनाभर मी दोन पुस्तकं चालवली.
एक छापलेलं: त्यात टपालवाली एकटी,
शीळ घालायला ओठ जुळवते नि सोडून देते.
दुसरं चार वाजताचं:
त्यात बोंबोरा पोस्टमास्तरचा बूट पळवतो,
कुणाच्या तरी लग्नात शिरतो, जेवून येतो.
मोज्यांच्या ढिगाआडून त्सिसाना म्हणाली,
"तुझा कुत्रा फारच खातो बाई."
ती पानं वहीत कुठे मांडावीत कळेना.
मांडलीच नाहीत.

मग नुगझार नऊ दिवस आला नाही.
वर पायऱ्यांशी बायका
रानफुलांच्या जुड्या घेऊन बसू लागल्या.
वहीत नुसत्याच चाव्या.

दहाव्या दिवशी आला, पायऱ्या न चाचपता,
एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी.
"अगं, तू म्हातारी आहेस की!
आवाजावरून चाळिशीची वाटायचीस."
भिंतीवरच्या चाव्या त्याने एकेक पाहिल्या.
मग हात पुढे केला.
"आता सांगू नकोस. दे इकडे. पहिल्यापासून वाचतो."

ते पान फाडावं असं आलं मनात.
अंगठा तिथवर गेलाही होता.
पण दोनशे बाराच्या पाठीला दोनशे अकरा,
आणि दोनशे अकरावर बोंबोरा बर्फात लोळतो,
चारी पाय वर, नि टपालवाली हसते.
अख्ख्या पुस्तकात एकदाच.

दिलं. पावाच्या पिशवीत घालून घेऊन गेला.

आजची वही: चाव्या सात, पानं नाहीत.
डॉक्टरने त्याला रोजची तीसच पानं सांगितलीत.
बुधवारी सुरू केलं. तीस सत्ते दोनशे दहा.
म्हणजे येत्या बुधवारी, बसल्या बसल्या, पहिल्याच दोन पानांत.
हीटर लावून ठेवावा,
की शटर जरा लवकर ओढावं?
त्सिसानाला विचारलं.
मोजे जोडीने लावता लावता ती म्हणाली,
चीज घेऊन ये.